तेलाची गाडी थांबली तर

मी त्या कागदावर सही केली नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

मी अंगणवाडी सेविका आहे. मुकुंदवाडीच्या अलीकडं रेल्वेच्या रुळाला चिकटून आमची वस्ती आहे, तिच्या शेवटच्या गल्लीत एका खोलीत माझी अंगणवाडी भरते. खोलीच्या मागं थोडी मोकळी जागा, मग पडकी भिंत, आणि भिंतीपलीकडं रूळ. एकोणीस वर्षं मी तिथं आहे. गाडी आली की मुलं गाणं थांबवतात, डबे मोजतात, आणि गाडी गेली की जिथं सोडलं होतं तिथूनच पुन्हा गायला लागतात. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी स्वतः त्याच वस्तीत लग्न करून आले. रुळाचा आवाज आम्हाला घरातल्या पंख्यासारखा झालेला.

एक दिवस पर्यवेक्षिका मॅडम एक छापील कागद घेऊन आल्या. वर लिहिलेलं, आपत्ती व्यवस्थापन आराखडा. खाली रकाने होते: आग, भूकंप, वीज पडणे, पूर, सर्पदंश. प्रत्येकासमोर मुलांना कुठं जमवायचं ते आधीच टाईप केलेलं होतं, आणि सगळीकडं एकच: अंगणवाडीमागील मोकळे मैदान. मला फक्त खाली सही करायची होती.

मी दोनदा वाचलं. आमच्यामागं मैदान नाही. आमच्यामागं रूळ आहे.

आणि त्याच्या पंधरवड्याआधीच तिथं काळ्या टाक्यांची एक मोठी गाडी तासभर थांबली होती. अशा गाड्या आमच्याकडून नेहमी जातात. कुणी म्हणतं डिझेल, कुणी म्हणतं पेट्रोल, कुणी म्हणतं कच्चं तेल. त्या दिवशी वास येत होता. दोन मुलींनी डोकं दुखतं म्हणून सांगितलं. मी उठले आणि खिडकी लावून घेतली. एवढंच मला सुचलं. जुलाब झाले तर काय करायचं, ताप मेंदूत गेला तर काय करायचं, भूकंपात टेबलाखाली कसं बसवायचं, या सगळ्याची माझी ट्रेनिंग झालेली आहेत, सर्टिफिकेटं आहेत. आणि माझ्या पाठीमागं एवढं तेल उभं होतं तेव्हा मी खिडकी लावली. ती लाज माझ्या मनातून जात नव्हती.

मी मॅडमना विचारलं की ही जागा कुणी ठरवली. त्या म्हणाल्या, ऑफिसात कुणीतरी भरलं असेल, सगळ्यांना एकसारखंच भरलंय. त्या वाईट बाई नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांना अजून बऱ्याच अंगणवाड्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या, आणि उन्हात स्कूटी चालवून त्यांचा चेहरा लाल झालेला होता. त्यांनी पेन पुढं केलं.

मी म्हणाले, "मॅडम, आग लागली तर मी मुलं तेलाच्या गाडीजवळ नेऊन उभी करणार नाही. आणि नेईन असं लिहूनही देणार नाही."

त्यांनी पेन परत पर्समध्ये ठेवलं. जाताना म्हणाल्या की वरून विचारणा झाली तर माझं मला बघावं लागेल.

मग मी विचारत सुटले. आधी स्टेशनवर गेले. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पण ते म्हणाले की आमचं काम गाडी पुढं सोडणं, आत काय आहे आणि काही झालं तर वस्तीनं काय करायचं हे वरचे लोक सांगतील. वरचे लोक कुठं बसतात ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. त्या ठिकाणी मी अंगणवाडी सुटल्यावर चार वेळा गेले. चौथ्या वेळी एक तरुण अधिकारी भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की आमच्याकडं आराखडा आहे, सगळी तयारी आहे, तुम्ही पोषण आहाराकडं लक्ष द्या. मी म्हणाले, तो आराखडा मला दाखवा, त्यात आमच्या वस्तीनं काय करायचं ते तेवढं वाचते. ते म्हणाले, तो सगळ्यांना दाखवायचा नसतो. आणि वस्तीत हे बोलत फिरू नका, घबराट होईल.

"साहेब," मी म्हणाले, "घाबरायला माहिती लागत नाही. पळायला लागते."

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत केली.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. गाड्यांतून काय जातं, सांडलं तर वस्तीला कोण कळवणार, मुलांना कुठं न्यायचं, असे तीनच प्रश्न. महिन्यानं उत्तर आलं. मोठं पाकीट, आत एक कागद, कागदावर एक ओळ: सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही. ओळीपेक्षा शिक्के जास्त होते. मी तो कागद नवऱ्याला दाखवला. तो वाळूजला एका कंपनीत कंत्राटी कामगार आहे, सकाळी सहाच्या बसनं जातो. जेवता जेवता त्यानं वाचला आणि म्हणाला, झालं ना आता समाधान, सोडून दे.

मला तर त्या ओळीनं उलट बळ आलं. त्यांच्याकडंच काही नाही म्हटल्यावर त्यांची वाट बघायचं कारणच उरलं नाही.

आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक म्हातारे गृहस्थ राहतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चितेगावच्या बाजूला एका कारखान्यात ते आग विझवणाऱ्या पथकात होते, तिथूनच निवृत्त झाले. त्यांच्या डाव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत चकाकते, भाजून बरी झालेली. इतकी वर्षं मी त्यांना नुसती मान हलवून पुढं जात होते. त्या संध्याकाळी थांबले आणि विचारलं की तेलाची गाडी थांबली आणि गळायला लागली, तर मी काय करू.

त्यांनी मला बसायला लावलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि मग जे सांगितलं ते मी आजही शब्दाला शब्द सांगू शकते.

"तेल नै जलता बेटी, उसकी भाप जलती. और भाप दिखती नै. तो पैले हवा देखो."

त्यांचं म्हणणं असं, की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते, उताराकडं जाते, नालीत उतरते आणि दूर कुठं चूल नाहीतर बिडी सापडली की तिथून पेट घेऊन उलटी गाडीकडं येते. कच्चं तेल दिसायला डांबरासारखं जाड, पण त्यातूनही आधी पातळ वाफच सुटते, म्हणून त्याला जाड म्हणून कमी धोक्याचं समजायचं नाही. वारा ज्या दिशेला जातो त्या दिशेला पळायचं नाही, समोरून गाडीकडं तर नाहीच. आडवं जायचं आणि उंचावर जायचं. आणि सगळ्यात मोठा धोका तेलाचा नाही, डबे घेऊन येणाऱ्या माणसांचा. हे सांगताना त्यांनी चकाकणारा हात पुढं केला. त्यांचा हात तसाच भाजला होता, दुसऱ्याला टँकरपासून ओढताना.

मग तीन संध्याकाळी आम्ही दोघं वस्ती फिरलो. चाचा काठी टेकत पुढं, मी वही घेऊन मागं. रुळाकडून उतार कुठं येतो, नाली कुठं वळते, कुणाकडं चूल आहे, कुणाकडं गॅस, भज्याचा गाडा कुठं लागतो, भिंतीला भगदाडं किती. तीन होती. मी नकाशा काढला. शाळेत माझा भूगोल कच्चा होता, पण तो नकाशा मला चांगला जमला. वरच्या गल्लीच्या टोकाला आमचा विहार आहे. तो उंचावर आहे आणि वारा बहुतेक वेळा ज्या बाजूला जातो त्याच्या बगलेला. जमण्याची जागा मी तिथं लिहिली. विहाराच्या गच्चीवर चाचांनी बांबूला माझ्या जुन्या ओढणीची पट्टी बांधली, म्हणजे वारा कुठं चाललाय ते खालून दिसेल.

चाचांनी आणखी एक शिकवलं. रुळाकडेच्या खांबांवर आकडे असतात. फोन करताना "अंगणवाडीच्या मागं" म्हणून सांगितलं तर बाहेरच्याला काही कळत नाही, खांबाचा आकडा सांगितला तर लगेच कळतं. मी मागच्या दोन्ही खांबांचे आकडे पाठ केले आणि फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहून ठेवले.

वस्तीतल्या बायका आधी हसल्या. बहुतेकजणी बांधकामावर जातात, दिवसभर घमेली वाहून आलेल्या, त्यांना माझा नकाशा बघायला वेळ कुठला. पण एकीनं विचारलं, गाडी पेटली तर तिची आजारी सासू कोण उचलणार. मग दुसरीनं विचारलं. अशा नऊ जणी झाल्या. कुणाकडं गॅस बंद करायला लावायचं काम, कुणाकडं म्हाताऱ्या माणसांचं, दोघींकडं नालीच्या तोंडाशी मातीची पोती टाकायचं, कारण तेल नालीत उतरलं तर सगळ्या गल्ल्या जातील. पोती आम्ही आधीच भरून ठेवली.

मुलांसाठी मी नायलॉनची एक जुनी साडी घेतली, पिळली आणि हातभर अंतरावर गाठी मारल्या. एकेका गाठीला एक मूल. थाळी वाजली की गाठ धरायची आणि सोडायची नाही, हा एवढाच नियम. बावीस मुलांच्या बावीस गाठी आणि पुढं-मागं एकेक जादा, एक मला, एक मदतनीसताईला. पहिल्या सरावाला आम्हाला चौदा मिनिटं लागली, कारण एकाला चप्पलच सापडेना आणि दुसरी मध्येच खाली बसली. तिसऱ्या गुरुवारी सहा मिनिटांत आम्ही विहारात होतो.

चौथ्या गुरुवारी घोटाळा झाला. वस्तीतल्याच एकानं सरावाचा व्हिडिओ काढला, मी थाळी वाजवतेय आणि बायका पोती ओढतायत, आणि खाली काही न लिहिता मोबाईलवर सोडून दिला. दुपारपर्यंत तो शहरभर फिरला, तोवर त्याला कुणीतरी मथळा जोडला होता की तेलगाडी फुटली. लोकांचे फोनवर फोन. एक आई कामावरून धावत आली, तिच्या पायाला ठेच लागून रक्त येत होतं. तिनं मुलाला उचललं, मग माझ्याकडं बघून मला वाटेल ते बोलली. ती चुकीची नव्हती. आदल्या दिवशी सगळ्या घरी जाऊन सांगायला हवं होतं, ते मी केलं नव्हतं. मी तिची माफी मागितली.

पण आठवड्यानं आलेल्या कागदाची माफी मी मागणार नव्हते. कारणे दाखवा नोटीस. विनापरवानगी सराव घेतला, अफवेस कारणीभूत झाला, सेवेतून कमी का करू नये. घरी नवऱ्यानं आवाज चढवला. तो म्हणाला, एवढ्या वर्षांची नोकरी, दोघांच्या कामावर घर चाललंय, आणि तू कुणाच्या तरी गाडीसाठी ती घालवणार. सासूबाई भाकरी थापत राहिल्या. धाकट्या दिरानं, जो रिक्षा चालवतो, समजुतीचं बोलून बघितलं: लिहून दे चूक झाली, विषय संपेल.

मी रात्रभर वगैरे विचार केला नाही. जेवण झाल्याबरोबर ताट सरकवून तिथंच लिहायला बसले. मी लिहिलं की मी अफवा पसरवली नाही, मुलांना रांगेत चालायला शिकवलं. पालकांना आधी कळवलं नाही ही माझी चूक, ती यापुढं होणार नाही, आदल्या दिवशी घरोघर सांगितलं जाईल. रुळालगतची जागा जमण्यासाठी सुरक्षित आहे असं ज्या अधिकाऱ्यांनी ठरवलं, त्यांनी ती जागा येऊन बघावी आणि तसं मला सहीनिशी द्यावं. तोपर्यंत सराव दर गुरुवारी सकाळी दहा वाजता होईल, आणि कार्यालयातल्या कुणाला बघायला यायचं असेल तर त्यांचं स्वागत आहे.

ते पत्र मी स्वतः नेऊन दिलं आणि पोहोच घेतली. कारकून वाचून म्हणाला, बाई, शेवटची ओळ काढा. मी म्हणाले, तीच तर खरी ओळ आहे.

कुणी आलं नाही. सराव चालू राहिले.

त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, वैशाखातल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला टाक्यांची गाडी सिग्नलला थांबली. मुलं खिचडी खात होती. मदतनीसताई ताटं गोळा करायला उठली आणि दारातच थांबली. तिनं नाक वर करून हुंगलं. मग मलाही वास आला. मागच्या वेळेसारखा पुसट नव्हता, पेट्रोलपंपावर येतो तसा थेट.

मी मागच्या बाजूला गेले. आमच्या समोरच्याच टाकीच्या खालच्या कॉकमधून बोटाएवढी धार लागली होती. ती टाकी कुठं भरली, कुणी कॉक आवळला, हे आम्हाला कधीच कळलं नाही. खडीवर धार पडत होती आणि तिथून ओलावा भिंतीकडं सरकत होता. मी गच्चीवरच्या पट्टीकडं बघितलं. वारा रुळाकडून खालच्या गल्लीकडं. म्हणजे विहाराची वाट मोकळी.

मी थाळी वाजवली. मुलांनी चमचे टाकले आणि गाठी धरल्या. खरं सांगते, त्यांना तो मंगळवार आहे हेही कळलं नाही. मदतनीसताई त्यांना घेऊन वर गेली आणि मी भिंतीपासून लांब जाऊन रेल्वेच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या माणसानं कुठून बोलता विचारलं. मी खांबाचा आकडा सांगितला, टाकी इंजिनापासून कितवी तेही सांगितलं, वारा कुठं चाललाय तेही. मग त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही रेल्वेत आहात का?"

"नाही," मी म्हणाले, "अंगणवाडीत."

तोवर आमच्या नऊपैकी घरी असलेल्या पाच जणी कामाला लागल्या होत्या. दोघींनी पोती नालीच्या तोंडाशी टाकली, वर घमेल्यानं माती. एकीनं भज्याचा गाडा गाठला. गाडेवाला कढई तापली आहे म्हणून हुज्जत घालत होता. तिनं त्याच्याशी वाद घातला नाही, खाली वाकून सिलिंडरचं बटण बंद केलं आणि पुढच्या घरी गेली. चाचा काठी घेऊन रस्त्यावर उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलवाल्याला गाडी बंद करून ढकलत न्यायला लावत होते.

आणि मग डबे आले. वास मला आला तसा सगळ्यांना आला होता. पाण्याचे जार, तेलाचे डबे, एकाच्या हातात तर बाळाला आंघोळ घालायचा टब. पंधरा-वीस माणसं, आमच्याच वस्तीतली, आणि सगळ्यात पुढं माझा धाकटा दीर. त्याच्या हातात प्लॅस्टिकचा मोठा कॅन.

भिंतीतलं मोठं भगदाड अंगणवाडीच्या शेजारीच आहे. मी त्यात जाऊन उभी राहिले. पाठीमागं धारेचा आवाज येत होता.

दीर म्हणाला, "वहिनी, सरक. सगळं मातीतच चाललंय."

"जाऊ दे मातीत."

"दोन मिनिटांचं काम हाय. कुणी काडी वढनार नाय."

मी म्हणाले, "काडी लागत नाय. हा कॅन घासला तरी ठिणगी पडते. तुला जायचं असंल तर मला ढकलून जा. पण मग घरी जाऊन आईला सांग, की वहिनीला ढकललं आणि का ढकललं."

मागून एकानं मला शिवी दिली, दुसरा म्हणाला की ही बाई रेल्वेची मालकीण झाली का. मी हलले नाही. माझ्या बाजूला पोती टाकून आलेल्या दोघी येऊन उभ्या राहिल्या, हातात रिकामी घमेली, हात मातीनं भरलेले. त्यातली एक दिराला म्हणाली की तिचा नवरा पण याच घोळक्यात आहे आणि तिनं त्याला बघितलंय. घोळक्यात मागं कुणीतरी खाली मान घातली.

दिरानं कॅन जमिनीवर आपटला आणि पाठ फिरवून निघून गेला. त्याच्यामागं दोघं-तिघं गेले. बाकीचे रेंगाळले, पण पुढं आलं नाही कुणी.

एकजण मात्र दुसऱ्या भगदाडातून आत घुसलाच. आम्हाला दिसेपर्यंत तो टाकीखाली बादली धरून बसला होता, आणि धार उडून त्याची पँट भिजली होती. चाचा इतक्या मोठ्यानं ओरडू शकतात हे मला तेव्हा कळलं. तो माणूस दचकून उठला, बादली सांडली, आणि धावत बाहेर आला. आम्ही त्याला वाऱ्याच्या उलट्या बाजूला नेलं, सगळ्यांसमोर पँट-शर्ट उतरवायला लावला आणि नळाखाली उभं केलं. त्याला लाज वाटत होती. तो म्हणत होता काही झालं नाही, काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. पण त्याच्या खिशातली काडीपेटी चाचांनी काढून माझ्या हातात दिली तेव्हा ती ओली होती.

बंब आले. त्यांनी फेस मारला, लोकांना मागं हटवलं. मग रेल्वेची माणसं अवजारं घेऊन आली आणि खूप वेळ त्या कॉकशी झटत होती. धार थेंबांवर आली, मग थेंबही थांबले. दुपारी दीडच्या पुढं गाडी हळूहळू निघाली. विहारात मुलं झोपून गेली होती, काही अजून गाठ धरून.

गाडी निघण्याआधी तिचा गार्ड आमच्याकडं येऊन पाणी प्यायला. वयस्क माणूस, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. तो म्हणाला, माझ्या सगळ्या नोकरीत कुठंही तेल सांडलं की लोक गाडीकडं तोंड करून धावत येतात. आज पहिल्यांदा बायका गाडीकडं पाठ करून उभ्या बघितल्या.

मला वाटलं होतं की दुसऱ्या दिवशी पेपरात येईल. आलं नाही. काही पेटलं असतं तर आलं असतं. पण तिसऱ्या दिवशी ते तरुण अधिकारी आले, ज्यांनी मला पोषण आहाराकडं लक्ष द्यायला सांगितलं होतं. त्यांनी भगदाडं बघितली, पोती बघितली. मग वहीतला नकाशा मागितला आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढला. जाताना अडखळत म्हणाले, या सगळ्याचा अधिकार तुम्हाला तसा कुणी दिलेला नव्हता.

मी म्हणाले, "नव्हता. आणि तुम्ही वापरत नव्हता."

ते यावर हसले नाहीत. महिन्याभरात दोन भगदाडं बुजली. तिसरं तसंच आहे.

नोटिशीचं पुढं काही झालं नाही. ती मागंही घेतली नाही आणि पुढंही नेली नाही, कुठल्यातरी फायलीत असेल. पर्यवेक्षिका मॅडमनी एका संध्याकाळी फोन केला, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग हळू आवाजात विचारलं की साडीच्या गाठी किती अंतरावर मारायच्या. मी सांगितलं, मुलाच्या हाताएवढ्या.

घरात मात्र सोपं गेलं नाही. दीर माझ्याशी बोलेना. सगळ्या वस्तीसमोर मी त्याला अडवलं, हे त्याला लागलं होतं. एकाच घरात आम्ही सासूबाईंच्या मार्फत बोलायचो: तिला सांग चावी कुठं आहे, त्याला सांग जेवण झाकून ठेवलंय. मलाही वाईट वाटायचं, तो माझ्या लेकरासारखा वाढलेला. पण मी त्याची समजूत काढायला गेले नाही. समजूत काढली असती तर त्याला वाटलं असतं मी चुकले. पावसाळा संपता संपता एका जेवणात त्यानं थेट मला मीठ मागितलं. सासूबाईंनी दोघांकडं बघितलं आणि मिठाचा डबा स्वतः न देता माझ्याकडं सरकवला.

नवऱ्यानं त्या मंगळवाराविषयी मला एकदाच विचारलं. त्या दिवशी संध्याकाळी कामावरून आल्यावर हात-पाय न धुताच तो खोलीमागं जाऊन रूळ बघून आला. खडी अजून काळपट होती. तो म्हणाला, "भीती वाटली का?" दारात खुर्चीवर बसल्या बसल्या मी म्हणाले, लई वाटली. मग त्यानं आतून दुसरी खुर्ची आणून माझ्या शेजारी ठेवली आणि बसला.

या हिवाळ्यात दौलताबादच्या पलीकडून, रुळाकाठच्या एका गावातून काही बायकांचा निरोप आला. त्यांच्याकडंही अशा गाड्या बाजूच्या रुळावर तासन्‌तास उभ्या राहतात. एका रविवारी आम्ही चौघी आणि चाचा बसनं गेलो. शाळेच्या व्हरांड्यात तीसेक बायका जमल्या होत्या. सरपंच पांढरे कपडे घालून आले, आमचं स्वागत केलं, नारळ दिला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की गावात उगीच भीती नको पसरायला, दहा मिनिटांत आवरतं घ्या, नंतर दुसरा कार्यक्रम आहे.

मी म्हणाले, दोन तास लागतील. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, बायकांकडं बघितलं. त्यातल्या एकीनंही उठायची हालचाल केली नाही. शेवटी सरपंचांनी शिपायाला सांगून स्वतःसाठी खुर्ची मागवली.

अडीच तास लागले.